रामेश्वरमचा ‘बी’ डास : निर्दोष ठरलेल्या प्रजातीच्या नावावर हिवताप कसा निघाला

तमिळनाडूच्या टोकाला पांबनचा पूल ओलांडला की रामेश्वरमचं बेट लागतं. वाळू, मासेमारांच्या वस्त्या, देवळाला येणारे यात्रेकरू. आणि हिवताप. बेटावर हिवताप होता आणि तो वाहणारा म्हणून ओळखला जाणारा डासही होता, ॲनोफिलिस क्युलिसिफेसिस. इथवर नवल काहीच नाही. भारताच्या ग्रामीण भागातला साठ-पासष्ट टक्के हिवताप याच डासाच्या खात्यावर मांडला जातो.

गोची पुढे होती. बेटावरच्या या डासाची गुणसूत्रं वाचली की उत्तर यायचं, ‘प्रजाती बी’. उत्तर भारतात केलेल्या बऱ्याच कामातून तोवर बीविषयी जवळजवळ एकमत झालं होतं : हा हिवताप वाहत नाही, वाहिलाच तर नगण्य. म्हणजे ज्याच्यावर संशय घ्यायचा, त्याच्याच खिशात निर्दोष असल्याचा दाखला.

‘अमुक प्रजाती परजीवीला थारा देत नाही’ हे वाक्य आपण किती सहज लिहून टाकतो, आणि त्यातल्या ‘अमुक प्रजाती’ या दोन शब्दांवर किती कमी वेळ घालवतो, हे या प्रकरणात फार स्वच्छ दिसतं. म्हणून ते सविस्तर मांडतो.

एक डास की अनेक

जाइल्सने १९०१ साली या डासाचं वर्णन केलं आणि नाव दिलं ‘क्युलिसिफेसिस’, म्हणजे क्युलेक्ससारखा दिसणारा. नाव नेमकं आहे. बाकीचे ॲनोफिलिस भिंतीवर बसताना बूड वर आणि सोंड खाली अशा तिरक्या पवित्र्यात बसतात. हा मात्र घरच्या साध्या डासासारखा जवळजवळ भिंतीला समांतर बसतो. नवख्या माणसाच्या नजरेतून सुटतो. पहिल्या दिवसापासून हा डास दिसण्यावरून फसवणारा होता म्हणायचं.

पुढची ऐंशी वर्षं तो एकच डास मानला गेला. एक प्रश्न मात्र सारखा डोकं वर काढायचा. काही भागांत हा गोठ्यांतून ढिगाने सापडतो, तरी हिवताप जेमतेम. दुसरीकडे संख्येने कमी, पण साथीवर साथ. पूर्व उत्तर प्रदेश आणि उत्तर बिहारच्या मैदानात डास भरपूर, आजार फारसा नाही. त्याची स्पष्टीकरणं देणं सोपं होतं : तिथे गुरं जास्त असतील, पाऊसमान वेगळं असेल, लोकांना प्रतिकारशक्ती आली असेल. यातलं प्रत्येक थोडंफार खरं असू शकतं, आणि तीच अडचण. अर्धवट खऱ्या कारणांमुळे पुढे शोधायची निकड वाटत नाही.

१९८० साली ग्रीन आणि माइल्स यांनी या डासाच्या अंडाशयातली गुणसूत्रं वाचून सांगितलं की हे किमान दोन डास आहेत. त्यांना ए आणि बी अशी अक्षरं मिळाली. १९८३ मध्ये दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्रातल्या सरला सुब्बाराव आणि सहकाऱ्यांनी सी वेगळा काढला, पुढे डी आला. चौघं बाहेरून सारखे. पंखांवरचे ठिपके, सोंड, पाय, काही म्हणता काही वेगळं नाही. अशांना सहोदर प्रजाती म्हणतात.

गुणसूत्रं वाचणं म्हणजे नेमकं काय, हे जवळून पाहायला हवं, कारण पुढचा सगळा पेच त्या वाचनाच्या मर्यादेतून आलेला आहे.

पहाटे गोठ्यात जायचं. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात तोंडाने ओढायची नळी. भिंतीवर, वाशांच्या आडोशाला, गव्हाणीच्या मागे रात्री रक्त पिऊन सुस्त झालेल्या माद्या बसलेल्या असतात. यातली प्रत्येक उपयोगाची नसते. नुकतीच प्यालेली मादी लालभडक पोटाची. तिच्या अंडाशयात अजून वाचण्यासारखं काही तयार झालेलं नसतं. अंडी भरून पांढुरकी झालेली, तिच्या बाबतीत उशीर झालेला. हवी असते ती अधलीमधली, जिच्या पोटात थोडं काळपट रक्त उरलंय आणि मागचा भाग फिकट व्हायला लागलाय. तिच्या अंडाशयात अंड्यांना पोसणाऱ्या पेशी असतात आणि त्या पेशींत गुणसूत्रांच्या शेकडो प्रती एकमेकींना चिकटून जाड दोर झालेला असतो. अंडाशय अल्कोहोल आणि ॲसेटिक आम्लाच्या मिश्रणात टाकून ठेवायचं, मग ऑर्सिनचा रंग चढवायचा, वर कव्हरस्लिप, त्यावर टीपकागद आणि अंगठ्याचा दाब. दाब कमी पडला तर दोर गुंत्यातच राहतात, जास्त पडला तर तुटतात. जमलं तर मायक्रोस्कोपखाली आडव्या पट्ट्यांचे लांब दोर पसरलेले दिसतात, आणि कुठे पट्ट्यांचा क्रम उलटा झालाय ते नकाशाशी ताडून बघता येतं. अशा उलट्या बसलेल्या तुकड्याला इन्व्हर्जन म्हणतात.

एक्स गुणसूत्रावर दोन आणि दुसऱ्या गुणसूत्राच्या एका भुजेवर काही, अशा मोजक्या इन्व्हर्जनांवरून ए, बी, सी, डी ओळखले जातात. पण निव्वळ फरक सापडला म्हणून प्रजाती वेगळी होत नाही. एकाच गोठ्यात, एकाच सकाळी ए आणि बी दोघी पकडल्या जातात. त्यांचा आपसात संकर होत असता, तर एक प्रत सुलट आणि एक उलट असलेल्या, गुणसूत्रात स्पष्ट फास पडलेल्या माद्या सर्रास दिसल्या असत्या. त्या जवळजवळ दिसतच नाहीत. शेजारी बसतात, सोयरीक करत नाहीत. प्रजाती वेगळी असल्याचा खरा पुरावा तो.

बीला निर्दोष कुणी ठरवलं

चौघं वेगळे काढता येऊ लागल्यावर जुना प्रश्न नव्याने विचारता आला. पूर्व उत्तर प्रदेश आणि उत्तर बिहारच्या त्या मैदानात कोण होतं? प्रामुख्याने बी. जिथे ए आणि बी दोघं एकत्र नांदतात तिथल्या गावांत लाळग्रंथींत स्पोरोझोइट, म्हणजे माणसाच्या अंगात शिरायला तयार झालेला परजीवी, कुणाकडे सापडतो? ए-कडे. पुढे ए, सी आणि डी हे वाहक ठरले, बी बाजूला पडला.

पण गावातला हा पुरावा एकट्याने पुरेसा नाही. बी गुरांच्या रक्तावर जगणारा आहे. तसे चौघंही गुरांकडेच झुकलेले. ए-देखील माणसाला बऱ्यापैकी कमी चावतो, बी त्याहून कमी. मग बीच्या लाळेत परजीवी मिळत नाही तो परजीवी त्याच्या पोटात टिकत नाही म्हणून, की तो बिचारा कधी रुग्णाला चावतच नाही म्हणून? गोठ्यातल्या मादीकडे बघून याचं उत्तर देता येत नाही. त्यासाठी एकाच रुग्णाचं रक्त, एकाच वेळी, एकाच तापमानात वाढवलेल्या दोन पिंजऱ्यांतल्या डासांना पाजावं लागतं. व्हायव्हॅक्स या हिवतापाच्या परजीवीच्या बाबतीत दुसरा मार्गही नाही, कारण तो प्रयोगशाळेत सतत वाढवता येत नाही. रक्त रुग्णाचंच लागतं.

सात-आठ दिवसांनी डास फोडून त्याचं जठर मर्क्युरोक्रोममध्ये बुडवायचं. हो, तेच खरचटलं की आई लावायची ते लाल औषध. जठराच्या भिंतीवर परजीवीच्या गाठी, म्हणजे ऊसिस्ट, गोल फुग्यांसारख्या उठून दिसतात. मग मोजत बसायचं. असे प्रयोग दिल्लीत झाले आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. व्हायव्हॅक्सच्या बाबतीत बी खरोखरच कमी ग्रहणशील, म्हणजे परजीवीला कमी थारा देणारा, निघाला.

का, याचा धागा पकडायचा तर परजीवीचा डासातला प्रवास डोळ्यांसमोर हवा. रक्ताबरोबर नर आणि मादी अवस्था पोटात जातात. तापमान उतरतं, डासाच्या शरीरातलं झँथुरेनिक आम्ल मिळतं आणि पंधरा-वीस मिनिटांत एकेका नर अवस्थेतून आठ शेपटीवाले धागे सुटतात. हा भाग कुठल्याही डासाच्या पोटात होतो. अहो, काचेच्या स्लाइडवरसुद्धा होतो. त्यामुळे इथे कुणाचीही परीक्षा होत नाही. खरी छाननी पुढे. साधारण दिवसभरात फलित पेशीचा सरपटणारा ऊकिनीट होतो. त्याला रक्ताच्या गोळ्याभोवतीचं आवरण फोडून जठराच्या पेशींतून आरपार जायचं असतं. हजारोंनी आत गेलेल्यांपैकी पलीकडे पोचतात ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. रानातल्या संसर्गित डासाच्या जठरावर दोन-चार ऊसिस्ट दिसणं हे नेहमीचं. म्हणजे उत्तम वाहकसुद्धा बहुतेक परजीवी मारतोच. ‘ग्रहणशील’ आणि ‘प्रतिकारक’ यांत अंतर आहे ते शून्य आणि एक यांतलं. एक ऊसिस्ट जरी तगला तरी त्यातून हजारो स्पोरोझोइट निघतात आणि मादी उरलेलं आयुष्य धोकादायक राहते. कमी ऊसिस्ट म्हणजे कमी धोका, असा सरळ हिशोब इथे चालत नाही. विद्यार्थी सरासरी काढून मोकळे होतात, मी मात्र आधी शून्य किती ते विचारतो.

या अरुंद वाटेवर बीने दोन अडथळे उभे केलेले दिसतात. एक, नायट्रिक ऑक्साइड. परजीवी असलेलं रक्त पोटात गेलं की बीच्या जठरात हा विषारी रेणू बनवणारं विकर वाढतं. यावरचं काम २०११ मध्ये आलं. दुसरा अधिक प्रेक्षणीय. २००६ मध्ये बीचा एक वाण वेगळा काढल्याचं प्रसिद्ध झालं, ज्याच्या जठरावर व्हायव्हॅक्सचे परजीवी मेलॅनिनच्या काळ्या कवचात गाडले जातात. मायक्रोस्कोपखाली जिथे पारदर्शक फुगे दिसायला हवेत तिथे काळे ठिपके, जणू कुणी फुलस्टॉप टाकत गेलंय. आफ्रिकेच्या ॲनोफिलिस गँबिएमध्ये असाच वाण १९८६ सालीच निवडून तयार केलेला होता आणि पुढे त्यातलं टेप-१ नावाचं प्रथिन ऊकिनीटला चिकटून त्याला मारण्यासाठी खुणावतं, हेही उलगडलं. बीचा तो वाण म्हणजे सगळे बी नव्हेत, हे इथेच नोंदवून ठेवतो. सारांश-लेखांतून हा फरक गळतो आणि ‘बी परजीवीला काळं करून मारतो’ एवढंच उरतं.

बीला निर्दोष ठरवण्याचा व्यवहारातला परिणाम मोठा होता. फवारणी उपयोगी पडतेय का, हे बघायला डासांना चार टक्के डीडीटीच्या कागदावर तासभर ठेवून चोवीस तासांनी मेलेले मोजतात. गावातून सरसकट पकडलेले क्युलिसिफेसिस वापरले तर बरेच जगायचे आणि शेरा पडायचा ‘प्रतिरोधक’. पण ए आणि बी एकत्र असलेल्या भागांत ए-वर डीडीटीचा परिणाम बीपेक्षा जास्त होता. जगलेल्यांत भरणा बीचा. म्हणजे फवारणीनंतर गोठा डासांनी भरलेला दिसतो, कागदोपत्री औषध फसलंय, आणि तरी हिवताप उतरतो, कारण मेला तो वाहक. एकूण डासांची घनता पाहून फवारणीचं यश ठरवणाऱ्या कुणालाही हे समजावणं अवघड. गावकऱ्याला तर त्याहून. त्याला डास चावताहेतच.

बेटावर जे जुळेना

तर बीची ही अशी ख्याती, आणि रामेश्वरमला बीच.

अशा वेळी चार शक्यता असतात. पहिली, वाहक दुसराच आहे आणि क्युलिसिफेसिस नुसताच हजर. भारतात ॲनोफिलिसच्या साठेक प्रजाती आहेत, त्यांतले मुख्य वाहक सहा. तेव्हा ही शंका रास्त होती. पण बेटावरच्या क्युलिसिफेसिसच्याच लाळग्रंथींत स्पोरोझोइट मिळत होते. शक्यता बाद.

दुसरी, इथला परजीवी वेगळ्या जातकुळीचा आहे आणि त्याला बीचं कुलूप उघडता येतं. ही कल्पना वाटते तितकी ओढूनताणून आणलेली नाही. मेक्सिकोत व्हायव्हॅक्सचे दोन प्रकार फिरतात. किनारी भागातल्या ॲनोफिलिस अल्बिमॅनसमध्ये एक चांगला वाढतो, ॲनोफिलिस स्यूडोपंक्टिपेनिसमध्ये दुसरा. फॅल्सिपेरम या हिवतापाच्या दुसऱ्या परजीवीच्या अंगावरचं पी-४७ नावाचं प्रथिन तर ज्या खंडातल्या डासाशी जुळतं तिथेच परजीवीला डासाच्या प्रतिकारातून सुटू देतं. ग्रहणशीलता हा एकट्या डासाचा गुण नव्हेच. ती जोडीची गोष्ट आहे.

तिसरी, बी इथे माणसांना जास्त चावतो आणि लांब जगतो, त्यामुळे कमी ग्रहणशील असूनही काम भागवतो. चौथी, हा बी नाहीच.

चौथीला आधार देणारी एक जुनी, अडगळीत पडल्यासारखी नोंद होती. बीच्या नरांमध्ये वाय गुणसूत्र दोन आकारांचं मिळतं, हे आधीच माहीत होतं. एकात गुणसूत्राचा मध्यबिंदू अगदी टोकाशी, त्यामुळे ते एकाच भुजेचं दिसतं, जणू काठी. दुसऱ्यात मध्यबिंदू थोडा आत सरकलेला, एक भुजा लांब, एक आखूड. पहिल्याला ॲक्रोसेंट्रिक म्हणतात, दुसऱ्याला सबमेटासेंट्रिक. एकाच प्रजातीत दोन आकार चालतात, माणसांत दोन रक्तगट चालतात तसे, म्हणून याकडे बहुरूपता म्हणून पाहिलं गेलं होतं.

अडचण लगेच लक्षात येईल. चावते मादी. परजीवी मादीच्या लाळेत. इन्व्हर्जन वाचायची तीही मादीच्याच अंडाशयात. आणि वाय गुणसूत्र मादीकडे नसतंच. ज्या जिवाची चौकशी करायची आहे त्याच्याकडे तो पुरावा असू शकत नाही.

मग मुलांना विचारायचं. पकडलेल्या प्रत्येक मादीला वेगळ्या कपात ठेवायचं, तिने अंडी घातली की तिची चौकशी आटोपायची : लाळग्रंथीत परजीवी आहे का, पोटातलं रक्त माणसाचं की गुरांचं. तिची अंडी स्वतंत्र पेल्यात वाढवायची, चौथ्या अवस्थेतल्या अळ्यांचे मेंदू काढून त्यांतल्या विभाजन होत असलेल्या पेशी रंगवायच्या. डासाला गुणसूत्रांच्या तीनच जोड्या, त्यामुळे मुलगा कोण आणि त्याचं वाय कुठल्या आकाराचं, हे सरळ दिसतं. ऐकायला सोपं. पण क्युलिसिफेसिसमध्ये स्पोरोझोइट असलेली मादी शेकड्यात एखादीही मिळेलच असं नाही. त्या एखादीसाठी बाकी सगळ्यांचे संसार वेगवेगळ्या पेल्यांत सांभाळायचे, खाऊ घालायचे, चिठ्ठ्या चुकू द्यायच्या नाहीत. आणि नेमकी संसर्गित मादी अंडी न घालताच मेली तर ती हिशोबातून गेली.

निकाल १९९९ साली प्रसिद्ध झाला. ज्या माद्यांच्या मुलग्यांत सबमेटासेंट्रिक वाय होतं, त्या माणसांना चावणाऱ्या होत्या आणि हिवताप वाहणाऱ्याही त्याच. काठीसारखं वाय असलेल्यांच्या आया उत्तरेतल्या बीसारख्याच वागत होत्या. बी हे नाव काठीवाल्यांकडे राहिलं आणि दुसऱ्यांना नवं अक्षर मिळालं, ई.

पुरावा बापाकडून आलेला

इथे थोडं थांबायला हवं, कारण या निष्कर्षाचं सौंदर्य घाईत निसटतं. मुलाचं वाय आईकडून आलेलं नाही. ते तिच्याशी जुगलेल्या नराचं आहे. म्हणजे प्रयोगात जुळलेल्या दोन गोष्टी अशा : मादी कुणाला चावते आणि तिच्यात परजीवी आहे का, ही एक, आणि तिने कुठल्या नराला जवळ केलं, ही दुसरी. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असायचं कारणच काय? सगळे बी एकाच मोठ्या कुटुंबातले असते आणि वायचे दोन आकार त्यांत नुसतेच मिसळलेले असते, तर माणसांना चावणाऱ्या मादीला कधी हा नर मिळाला असता, कधी तो. मुलांच्या वायवरून आईविषयी काहीच सांगता आलं नसतं. सांगता येत होतं, याचा अर्थ माद्या आणि नर आपापल्या गोतातच जुगत होते. एका कुळाचं वाय एका आकाराचं, दुसऱ्याचं दुसऱ्या. जी खूण बहुरूपता म्हणून गप्प बसवली होती, ती दोन जमातींमधली कुंपणाची तार होती.

हा युक्तिवाद ए आणि बीच्या वेळी फास पडलेली गुणसूत्रं न दिसण्यावरून केला होता, त्याच घराण्यातला आहे. फक्त इथे फास दिसायची सोयच नव्हती. बी आणि ई यांची इन्व्हर्जनं तंतोतंत एकच. अंडाशयाची स्लाइड कितीही सुरेख जमली असती तरी तिच्यावर हे उत्तर छापलेलंच नव्हतं. चूक वाचणाऱ्यांची नव्हती.

मला यात एक जुनी आठवण येते, अर्थात वाचलेली. १९२६ साली इटलीत फॅलेरोनी नावाच्या आरोग्य अधिकाऱ्याच्या लक्षात आलं की ॲनोफिलिस मॅक्युलिपेनिस या ‘एकाच’ डासाची अंडी वेगवेगळ्या नक्षीची असतात आणि एका मादीची सगळी अंडी एकाच नक्षीची. युरोपात तेव्हा डास आहे पण हिवताप नाही, असे मोठाले पट्टे होते आणि विद्वान हैराण होते. नक्षीवरून डास वेगळे झाले आणि हैराणी बरीचशी संपली. त्याने दोन प्रकारांना आपल्या खात्यातल्या दोघांची नावं दिली, लॅब्रँकी आणि मेसी. लॅब्रँकी जबर वाहक निघाला, मेसी बहुतांश निरुपद्रवी. आपलं नाव कशाला लागलंय याचं त्या दोघांना काय वाटलं असेल, देव जाणे.

आणि हिवताप डासांतून पसरतो हे दाखवणारा रोनाल्ड रॉस तर आपल्याकडचाच. १८९५ पासून त्याने राखाडी आणि पट्टेरी डासांना रुग्णांचं रक्त पाजून ते फोडण्यात दोन वर्षं घालवली. हाती काही नाही. २० ऑगस्ट १८९७ ला सिकंदराबादेत ठिपकेदार पंखांच्या डासाच्या जठरावर त्याला काळे कण असलेल्या पेशी दिसल्या. पुढच्या वर्षी कलकत्त्यात त्याच राखाडी डासात पक्ष्यांचा हिवताप सुखेनैव वाढला. दोन वर्षांचं ते ‘अपयश’ म्हणजे खरं तर डासांच्या ग्रहणशीलतेचा पहिला मोठा प्रयोग होता. फक्त त्याला डासांची नावं माहीत नव्हती. नावं माहीत असूनही रामेश्वरमला तोच प्रकार झाला.

आता मागे वळून चार शक्यतांकडे पाहू. चौथी जिंकली, पण तिसरी पूर्ण हरलेली नाही. ई वाहक आहे, त्यात तो माणसाला चावतो याचा मोठा वाटा आहे. मादीला संसर्ग होण्यासाठी एकदा रुग्णाला चावावं लागतं, मग परजीवी पिकेपर्यंत दहा-बारा दिवस जगावं लागतं, मग पुन्हा माणसालाच चावावं लागतं. माणसाकडे कल दुप्पट झाला तर हिवताप चौपट होण्याची सोय होते, कारण ही निवड दोनदा लागते. जठराच्या कुलपाबद्दल लिहिणारे हे दुसरं गणित विसरतात आणि डासाच्या सवयी अभ्यासणारे जठर विसरतात. बीकडे दोन्ही बाजूंनी दार बंद होतं. ईकडे दोन्ही बाजूंनी उघडं.

माझा एक आक्षेप मात्र कायम आहे, अक्षरांवर. ए, बी, सी, डी, ई ही तात्पुरती चिठ्ठी म्हणून ठीक होती. इतकी वर्षं झाली, तरी या डासांना धड नाव नाही. फवारणीच्या नोंदवहीत आजही ‘क्युलिसिफेसिस’ एवढंच लिहिलं तरी कुणाला खटकत नाही. आता पीसीआर आहे, रायबोसोमल डीएनएवरून ए-डी एका बाजूला आणि बी-सी-ई दुसऱ्या बाजूला, एवढी पहिली चाळणी डासाच्या एका पायावरूनही लावता येते. मादीच्या पोटाची अवस्था बघत बसावं लागत नाही. पण बघायचं आहे असं कुणाला तरी वाटावं लागतं.

पलीकडचा किनारा

रामेश्वरमच्या पुढे समुद्रात वाळूच्या बेटांची माळ जाते, ती श्रीलंकेच्या मन्नारला टेकते. तिथेही क्युलिसिफेसिस हाच मुख्य वाहक. १९३४-३५ मध्ये पाऊस चुकला, नद्या आटून वाळूत डबकी उरली, डबक्यांत हा डास माजला आणि त्या साथीत सुमारे ८०,००० माणसं गेली. पुढे डीडीटी आलं, १९६३ साली वर्षभराचे रुग्ण विसाच्या आत होते, आणि दशक संपायच्या आत आकडा पुन्हा लाखांत.

१९९० च्या दशकात तिथल्या डासांची गुणसूत्रं वाचली गेली तेव्हा उत्तर आलं, बी, आणि फक्त बी. अख्ख्या देशाचा हिवताप अशा प्रजातीच्या डोक्यावर, जी उत्तर भारतात वाहक मानली जात नव्हती! काही काळ हे ‘श्रीलंकेचा बी वेगळा वागतो’ अशा वाक्याने निभावून नेलं. रामेश्वरमचा निकाल आल्यावर तिथेही मुलग्यांचं वाय पाहिलं गेलं आणि श्रीलंकेत बी आणि ई दोघंही असल्याचं दिसलं. वाहक ई.

श्रीलंकेने हिवताप संपवला. देशातल्या देशात लागण झालेला शेवटचा रुग्ण २०१२ चा, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाणपत्र मिळालं. त्यानंतर तीनच महिन्यांनी, डिसेंबरमध्ये, मन्नारला एक नवा डास सापडला, ॲनोफिलिस स्टीफेन्सी. भारतातल्या शहरांचा वाहक, टाक्या आणि विहिरींत वाढणारा. या डासाचेही प्रकार आहेत. स्वीट आणि राव यांनी १९३७ मध्ये त्याच्या अंड्यांवरून ते मांडले : अंड्याच्या दोन्ही बाजूंना हवेच्या तरंगपट्ट्या असतात, त्यांवर आडव्या रेघा. मूळ प्रकारात रेघा १४ ते २२, मैसूरेन्सिसमध्ये ९ ते १५, आणि नंतर ओळखल्या गेलेल्या मधल्या प्रकारात १२ ते १७. मूळ प्रकार पक्का वाहक, मैसूरेन्सिस सहसा नाही. आकडे एकमेकांत घुसलेले असल्यामुळे १५ रेघांचं एक अंडं तिघांपैकी कुणाचंही असू शकतं. म्हणून मादीला वेगळ्या कपात ठेवायचं, तिने घातलेली अंडी ओल्या टीपकागदावर घ्यायची, आणि एकेका अंड्याच्या रेघा मोजायच्या.